वाहनाचे वाहन

देवांना वाहने असतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु वाहनालाच वाहन लागावे, हा योग कलियुगातलाच म्हटला पाहिजे. गणपतीचा उंदीर दुसऱ्या कोणाच्या पाठीवर बसून प्रवासाला निघाल्याचे निदान आमच्या तरी वाचनात नाही. मोटारसायकलीचे मात्र तसे नाही. जिने माणसाला वाहून न्यावे तिलाच एखाद्या दिवशी कोणीतरी वाहून न्यावे लागते. आणि दोन चाकांची ही वस्तू धावत असते तोवरच तोलात असते. थांबली, की तिला कोणाचा तरी आधार लागतो.

आम्ही राहतो ते गोरखपूर जबलपुरातले. हा खुलासा आम्हांला वारंवार करावा लागतो. एका आप्ताच्या मुंजीची पत्रिका उत्तर प्रदेशातील गोरखपूरची यात्रा करून, मुंज लागल्यावर तीन आठवड्यांनी आमच्या हाती पडली होती. अशा ठिकाणी राहून केंद्र सरकारच्या एका कचेरीत आम्ही कागद पुढे सरकवतो. वडील नागपुरास शाळेत शिक्षक होते. त्यांच्या पश्चात आईने आमच्याकडे कायमचे राहावयास यावे, असे आम्ही दोन वर्षे विनवीत होतो. गेल्या हिवाळ्यात ती तयार झाली. पण तिने एक अट घातली. वडिलांची राजदूत मोटारसायकल तिच्याबरोबर आली पाहिजे.

आम्ही रेल्वेचा मार्ग सुचवला. पार्सल कचेरीत नोंदणीपुस्तिकेची प्रत द्यावी, टाकीतले पेट्रोल काढून टाकावे, गवत आणि गोणपाट यांत गाडी गुंडाळावी, नावगावाची पाटी बांधावी, की काम झाले. आईने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "गोणपाटात गुंडाळून पाठवायला ते काय बटाट्याचं पोतं आहे? शिवाय पाटीवर गोरखपूर लिहिलंस, म्हणजे ती कुठे जाईल ते तूच सांग." या युक्तिवादावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

याच सुमारास आमच्या मावसभावाने नोकरी सोडून, बँकेचे कर्ज काढून, बंदिस्त पेटीचा एक लहान मालट्रक घेतला होता. बदली झालेल्या नोकरदारांच्या मोटारसायकली गावोगाव पोचवाव्या, असा त्याचा बेत. बेत अगदीच हवेतला नव्हता. सातव्या वेतन आयोगानंतरच्या नियमांप्रमाणे, पाचव्या स्तरापर्यंतच्या केंद्रीय कर्मचाऱ्याला बदलीच्या वेळी एक दुचाकी सरकारी खर्चाने नेता येते. आणि लष्करी कारखाने, रेल्वे व छावणी यांनी भरलेल्या या शहरात बदल्यांना तोटा नाही. तथापि रिकामी पेटी म्हणजे मोटारसायकलींचे वाहन नव्हे. तिला आतून सजवावे लागते, आणि त्यासाठी जाणता माणूस लागतो. तो आमच्या शेजारीच होता.

शेजारचे काका वाहन कारखान्यातून निवृत्त झालेले. जबलपूरचा जणू कुलधर्मच असा, की वाहून नेणाऱ्या वस्तू घडवाव्यात. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला. तोफगाडा म्हणजे तरी काय? तोफेचे वाहनच. त्याच कारखान्यातून १९५९ साली शक्तिमान मालट्रक बाहेर पडू लागला, आणि १९६९ साली स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला. २०२१ साली या कारखान्यांचे निगमांत रूपांतर झाले. पण काकांच्या बोलण्यात अजून जुनेच कारखाने नांदतात.

भावाच्या मनात प्रथम परदेशी पद्धतीचा, जीपमागे ओढावयाचा बंद ट्रेलर होता. काकांनी तो बेत मोडून काढला. ट्रेलरच्या एकंदर भाराचा दहा ते पंधरा टक्के भाग जोडणीच्या आकड्यावर पडला पाहिजे. माल मागे सरकला आणि आकड्यावरचा भार कमी झाला, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही खेचतो. "आणि तो रिव्हर्स घेणार कोण? आपल्या गल्लीत सायकल वळवताना मारामार!" हा काकांचा शेवटचा मुद्दा निर्णायक ठरला.

मग तीन आठवडे संध्याकाळी आमच्या दारापुढे काम चालले. कचेरीतून येऊन आम्ही दिवा धरण्याचे आणि हिशेब लिहिण्याचे काम पत्करले. तळाला अठरा मिलिमीटरचे जलरोधक प्लायवूड आणि त्यावर घसरू नये म्हणून खरबरीत पत्रा बसला. पुढचे चाक जेथे यावयाचे तेथे लोखंडी खोबण. चाक तीत शिरले, की गाडी डावी-उजवीकडे मान वळवीत नाही. तीन गाड्या शेजारी-शेजारी ठेवावयाच्या, तर मधलीचे तोंड मागे करावे लागते. नाहीपेक्षा हँडले एकमेकांत अडकतात. ट्रकचा तळ जमिनीपासून अडीच फूट उंच, म्हणून चढावाची फळी आठ फूट लांब केली. इतक्या लांबीने चढ सुमारे अठरा अंशांचा होतो, तो दोघांना पेलतो. फळीचे वरचे टोक साखळीने ट्रकला बांधणे अनिवार्य. नाहीतर चाकाच्या रेट्याने फळी मागे निसटते आणि गाडी अर्ध्यावरून माणसाच्या अंगावर येते. पेटीला झरोके ठेवले ते वर आणि खाली, दोन्हीकडे. कारण पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने तळाशी साचून राहते.

वाद झाला तो कड्यांवरून. पट्टे ज्यांत अडकवायचे ती कडी भावाने स्क्रूने प्लायवूडलाच बसवण्याचे ठरवले होते. कर्जाचा पहिला हप्ता तोंडावर आलेला, आणि पेटीवर स्वतःचे नाव रंगवून घेण्यासाठी त्याने थोडे पैसे बाजूला ठेवलेले. काका म्हणाले, "अरे, ब्रेक लागला म्हणजे दीडशे किलोची गाडी तिच्या निम्म्याहून जास्त वजनाच्या जोरानं पुढं धावते. तो जोर लाकूड खाणार का? तोफ उडाली की धक्का गाडा खातो, आणि गाडा तो जमिनीला देतो. धक्क्याला जायला वाट पाहिजे." कडी आरपार बोल्टांनी, खाली जाड पट्टी देऊन, ट्रकच्या लोखंडी आडव्यांनाच आवळली पाहिजेत, हा त्यांचा हेका. भाऊ दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने बोल्ट आणले. पेटीवर नाव आले नाही. ती अजून कोरीच आहे.

बांधण्याचेही एक शास्त्र आहे. गाडी स्टँडवर उभी करून बांधू नये. ती दोन्ही चाकांवर उभी हवी आणि गिअरमध्ये हवी. पुढचे दोन पट्टे हँडलच्या मुठींना नव्हे, तर खाली फोर्क जेथे पकडले जातात तेथे अडकवावे आणि पुढे, खाली व बाहेर असे तिरके ओढावे. फोर्कच्या स्प्रिंगा सुमारे निम्म्या दबल्या, की पुरे. फार आवळले तर फोर्कची सिले जातात. सैल सोडले तर खड्ड्यात गाडी उसळून पट्ट्याचा आकडा निसटतो. मागचे दोन पट्टे केवळ शेपूट स्थिर राखण्यापुरते. आणि पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरांवर थांबून सारे पुन्हा ताणावे. कारण नवे बांधलेले सारेच प्रथम थोडे सैल होते.

पहिल्या खेपेस बदली झालेल्या दोघांच्या मोटारसायकली नागपुरास गेल्या, आणि परतीच्या वाटेवर राजदूत चढली. आई घराला कुलूप लावून आली ती थेट ट्रकच्या मागे जाऊन उभी राहिली. प्रत्येक पट्ट्यावर तिने हात फिरवून पाहिला. कुलपाकडे मात्र वळून पाहिले नाही. मग चालकाशेजारी आमच्या आणि भावाच्या मध्ये बसली. कन्हानला आम्ही पट्टे ताणले. खवासा ओलांडल्यावर पेंचच्या जंगलात चितळांचा कळप एकाएकी रस्त्यावर आला आणि भावाने करकचून ब्रेक दाबला. मागून काही आवाज येतो का, म्हणून तिघेही श्वास रोखून ऐकत राहिलो. काही आले नाही. भावाने उतरून पाहिले; गाडी खोबणीत जशीच्या तशी उभी होती. सिवनीला चहा घेताना त्याने काकांना दूरध्वनी केला आणि "काका, कडी हलली नाहीत" एवढेच बोलून ठेवून दिला.

पुढचे काम आमच्या प्रांतातले होते. बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या वाहनाला तेथील नोंदणी घ्यावी लागते, आणि त्यासाठी मूळ कचेरीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. आम्ही कागद जुळवले. महाराष्ट्राचा जुना क्रमांक गेला आणि एमपी-२० ने सुरू होणारा नवा आला. ज्या क्रमांकावरून वडिलांची शाळेतली मुले त्यांना दुरून ओळखीत, तो आता कोठेही नोंदलेला नाही.

मराठी माणूस या नर्मदेकाठी नवा नाही. भोसल्यांचा अंमल येथून १८१७ साली उठला, तरी माणसे राहिली. ती बोलतात मराठी, भांडतात हिंदीत, आणि शिधापत्रिकेवर त्यांचा पत्ता मध्य प्रदेशचा असतो. आईला हे नवे आहे. भाजीवाल्याशी ती अद्याप नागपुरी मराठीतच बोलते. त्याला ती समजते, असे तो म्हणतो. जुन्या क्रमांकाची पाटी तिने आमच्याकडून मागून घेतली आहे. ती देवघराच्या फळीखाली, पितळेच्या परातीमागे ठेवलेली असते. आणि दर रविवारी सकाळी ती आम्हांला राजदूत सुरू करावयास लावते. तो फटफट आवाज गल्लीभर घुमू लागला, की ती ओट्यावर बसून तांदूळ निवडते. पाच मिनिटांनी म्हणते, "पुरे. पेट्रोल महाग आहे."