चाकरीला राहिलेल्या पोरीचा डोंगर

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कोणत्या राजाच्या नावाचे आहे, असे तुमच्या मुलांनी विचारले, तर सांगा की ते राजाच्या नाही, दुसऱ्याच्या घरी चाकरीला राहिलेल्या एका कोळ्याच्या पोरीच्या नावाचे आहे. ते शिखर म्हणजे कळसूबाई. उंची १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात हा डोंगर आहे. पलीकडे उतरले की नाशिक जिल्ह्याचा इगतपुरी तालुका लागतो.

डोंगरची कथा अशी सांगतात. कळसू नावाची कोळ्याची मुलगी पायथ्याच्या एका घरी कामाला राहिली. तिने आधीच अट घातली होती की भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. घरच्यांनी ती मान्य केली. बरेच दिवस सुखाने गेले. एके दिवशी मात्र तिला तीच कामे सांगितली गेली. तिने भांडण केले नाही. सांगितलेले काम केले आणि थेट डोंगर चढून गेली, ती पुन्हा खाली आलीच नाही. तिने भांडी घासली ती जागा ‘थाळेमेळ’ म्हणून ओळखली जाते.

आज माथ्यावर तिचे लहानसे देऊळ आहे. नवरात्रात तिथे जत्रा भरते. लेकुरवाळ्या बायका पहाटे चढू लागतात आणि देवीची ओटी भरतात.

खालच्या बागाईतदारांचेही या मुलखाशी नाते आहे. डोंगराच्या दक्षिण उतारावरचे पाणी प्रवरेच्या खोऱ्यात जाते. त्याच प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि तिच्या कालव्यांवर राहुरी-श्रीरामपूरकडचा ऊस उभा राहिला. वरच्या उतारांवर मात्र आजही भात, नागली आणि वरई हीच पिके.

तुम्हांला जायचे असेल, तर राजूरमार्गे बारी गाव गाठा. चढायला साधारण तीन तास लागतात. कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. पावसात त्या निसरड्या होतात, तेव्हा लहान मुलांना हाताशी धरा. प्यायचे पाणी बरोबर घ्या.

आपल्याही घरी सालगडी असतो, खुरपणीला बाया येतात. कामावर ठेवताना त्यांना काय कबूल केले होते, ते ओटी भरताना जरूर आठवा. कळसूने मोठा पगार मागितला नव्हता. कबूल केलेले पाळा, एवढेच तिचे म्हणणे होते.