जालन्याची जोडी, शिडाची होडी

आमच्या जालन्यात पाणी म्हणजे टाकी, टँकर आणि 'नळ कधी येणार' ही चौकशी. २०१३ च्या उन्हाळ्यात टँकरचा भोंगा वाजला की मुले वर्ग सोडून कळशांकडे धावत. आम्ही दोघेही शिक्षक, पण त्यांना रागावण्याचे धैर्य झाले नाही. अशा गावात वाढलेल्या आमच्या थोरल्या लेकीने बारावीनंतर मर्चंट नेव्हीत जायचा हट्ट धरला. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा द्यायची म्हणाली. आम्ही सरळ नाही म्हणून टाकले. तिने एवढेच विचारले, "अब्बू, अम्मी, तुम्ही कधी होडीत तरी बसलात का?"

बसलो नव्हतो. कुंडलिका आणि दुधना आम्ही पुलावरूनच पाहिल्या.

म्हणून जानेवारीत दोन दिवसांची रजा टाकली. देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई, एसटीने मुरूड आणि रिक्षाने राजपुरीचा धक्का. इथून जंजिऱ्याला मोठ्या शिडाच्या होड्या जातात. सकाळी इतर प्रवाशांबरोबर किल्ला पाहून आलो. 'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला, म्हणजे बेट. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. कलालबांगडी तोफेपाशी फोटोसाठी गर्दी होती. आम्ही मात्र तलावापाशीच उभे राहिलो. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोड्या पाण्याचे दोन तलाव! याच निजामशाहीतल्या हबशी मलिक अंबरने आमच्या शेजारच्या खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादेला, नहर-ए-अंबरीने पाणी आणले. दुष्काळी गावच्या माणसाला तोफेपेक्षा हे मोठे वाटते.

खरी परीक्षा दुपारी होती. शाळेतल्या एका कोकणी सहकाऱ्याचे मामू राजपुरीचे. त्यांची मासेमारीची लहान होडी, एकच शीड, इंजिन नाही. त्यांनी आधी लाइफ जॅकेट घालायला लावले, बिस्मिल्लाह म्हणून होडी ढकलली आणि खाडीत शिरल्यावर आमच्यातल्या एकाच्या हातात शिडाचा दोर दिला, दुसऱ्याच्या हातात सुकाणूचा दांडा.

कोकणात हिवाळ्यात सकाळचा वारा जमिनीवरून येतो, दुपारचा समुद्रावरून. त्यामुळे आत जाताना वारा पाठीशी होता. होडी आवाज न करता सरकत होती. दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे वळते, हे दोन-चार चुकांनंतर हाताला कळले. एवढेच असते तर लेकीला उगाच नाही म्हणालो, असेही वाटून गेले.

परत फिरल्यावर मामू म्हणाले, "सर, आता वारा समोर आहे. त्याच्या तोंडावर जाता येत नाही. तिरपं तिरपं जायचं." एकदा या काठाकडे, एकदा त्या काठाकडे, आणि प्रत्येक वळणावर शीड दुसऱ्या बाजूला घ्यायचे. वीस मिनिटे झाली तरी काठावरचे तेच नारळाचे झाड समोर. दोर तळव्याला काचू लागला म्हणून आमच्यापैकी एकाने तो मनगटाला गुंडाळला. कोणी, ते लिहीत नाही. घरात अजून वाद आहे. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. होडी एका अंगावर कलली, पाणी काठावरून आत आले आणि आमच्या तोंडी कलमा आला.

"दोर सोडा! सोडा!"

सुटेना. मामूंनीच पुढे झेप घेऊन तो मनगटावरून ओढून काढला. शीड फडफडले, वारा निसटून गेला आणि होडी सरळ झाली. सगळा प्रकार घडायला आयत-अल-कुर्सी म्हणण्याइतकाही वेळ लागला नसेल. मामू डब्याने पाणी उपसत म्हणाले, "दोर बांधायचा नसतो, मॅडम. नुसता धरायचा, सोडता आला पाहिजे." मग तोच दोर परत आमच्या हातात दिला.

याचे आम्हाला फार नवल वाटले. वर्गात फळ्यावर मुलगा चुकला की आम्ही त्याच्या हातातला खडू काढून घेतो. वीस वर्षे तेच करतो आहोत. मामूंनी पुढचे वळण आम्हालाच घ्यायला लावले, त्याच्या पुढचेही. होडी कलली की दोर थोडा सैल सोडायचा, सरळ झाली की पुन्हा घ्यायचा. भीती गेली नाही, पण हातांना काम मिळाले. धक्क्याला लागलो तेव्हा असरची वेळ झाली होती. ओल्या कपड्यांनी मशिदीत कसे जायचे, याची काळजी करत बसलो.

घरी आल्यावर लेकीने मनगटावरचा वळ पाहिला आणि म्हणाली, "दोर गुंडाळलात? तो कधी गुंडाळायचा नसतो." हे तिला पुस्तकातून आधीच ठाऊक होते.

जहाजावर जाणाऱ्याला रंग नीट ओळखता यावे लागतात. रंगांधळेपणा असेल तर प्रवेश मिळत नाही. सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.