दोन ओळखीच्यांची नावं

३ ऑक्टोबर २०२३, एडिसन
संध्याकाळी शिरीष येऊन गेला. पिस्तूल घेतोय. सोन्यासाठी भारतीयांची घरं फोडल्याच्या बातम्यांनी हादरलाय. "दादा, परमिटच्या अर्जात दोन ओळखीच्यांची नावं द्यावी लागतात. तुमचं देऊ?" मी हो म्हटलं. न्यू जर्सीत बोटांचे ठसे, मानसिक उपचारांच्या नोंदी बघू देण्याची लेखी संमती, परिचितांचा अभिप्राय आणि मग पोलिसांचा परवाना. नवं पिस्तूल घ्यायचं तर परमिटही नवं. अनेक राज्यांत मात्र दुकानात फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयकडे विचारणा करतो, आणि बहुतेकदा काही मिनिटांत पिस्तूल हातात.

८ ऑक्टोबर
हो म्हटल्यापासून वाचत सुटलोय. ही काही मिनिटांची तपासणी १९९३च्या ब्रॅडी कायद्यातून आली. १९९८पासून ती संगणकावर चालते आणि तिने लाखो अर्ज अडवलेत. पण कुणीतरी नोंदवून ठेवलेलं असेल तेवढंच तिला दिसतं. टेक्सासमधल्या सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये गोळीबार करणारा पूर्वी हवाई दलात होता. बायकोला आणि लहान मुलाला मारहाण केल्याबद्दल लष्करी न्यायालयाने त्याला शिक्षा दिली होती. हवाई दलाने ती एफबीआयला कळवलीच नाही. तपासणी झाली, काही आक्षेपार्ह निघालं नाही, बंदूक मिळाली.

चार्ल्स्टनच्या चर्चमधल्या गोळीबाराचं तर वाचवत नाही. साल २०१५. मारेकऱ्याच्या नावावर अमली पदार्थांचं प्रकरण होतं; ते कुठल्या पोलिसांकडे आहे याचीच नोंद चुकलेली. एफबीआयचे लोक भलत्याच कार्यालयाकडे चौकशी करत राहिले. कामकाजाचे तीन दिवस उत्तराविना उलटले तर दुकानदाराला विक्रीची मुभा असते. त्याने विकली. बायबलच्या अभ्यासाला बसलेली नऊ माणसं गेली.

११ ऑक्टोबर
कनेक्टिकटने १९९५ मध्ये परमिट सक्तीचं केलं. त्यामुळे पुढच्या दहा वर्षांत बंदुकीने होणारे खून सुमारे ४० टक्क्यांनी घटले, असा जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांचा अंदाज. मिझुरीने २००७ मध्ये परमिटची अट काढून टाकली, तिथे ते वाढले. कॅलिफोर्नियाने १९९१ पासून सगळ्या विक्रींना तपासणी लागू केली, पण खुनांच्या दरात त्याने फरक पडल्याचं अभ्यासकांना आढळलं नाही. असे अभ्यास म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, तरी परमिटचा उपयोग होतो, हे मला पटतं. पोलिसांसमोर स्वतःचे ठसे द्यायची वेळ आली, की दुसऱ्यासाठी बंदूक घेणारा कचरत असणार.

बंदुकांच्या नोंदणीची गत वेगळीच. देशभराची नोंदवही ठेवायला १९८६च्या कायद्याने मनाई आहे. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग कारखाना, घाऊक व्यापारी, दुकान असा काढत जातात. दुकान बंद पडलं असेल तर त्याचे कागद वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला. तिथे ते स्कॅन करून ठेवलेत, पण मालकाच्या नावाने शोधायची सोय करायला बंदी! पानामागून पान बघत बसायचं. खुनाचा तपास असा चालावा, याचा संताप येतो.

१६ ऑक्टोबर
पोलिसांचा ईमेल आला. अर्जदाराला कधीपासून ओळखता, दारू किंवा अमली पदार्थांचं व्यसन, हिंसक वागणूक, मानसिक त्रास, आणि याला बंदूक देऊ नये असं वाटायला काही कारण?

शेवटच्या प्रश्नावर हात अडला. जानेवारीत नोकरी गेली तेव्हा शिरीष रात्री दोनपर्यंत आमच्या बेसमेंटमध्ये बसून होता. "मी नसलो तर निदान विम्याचे पैसे तरी येतील घरात," म्हणाला होता. डॉक्टरकडे गेला नाही, म्हणजे ते कुठेही नोंदलेलं नाही. ठशांतून कळणार नाही, एफबीआयच्या संगणकातही सापडणार नाही. या देशात बंदुकीने मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आत्महत्येने जातात.

बायको, ज्योती, म्हणाली, "आता बरा दिसतो तो. पण तुला विचारलंय ना, मग खरं ते लिही."

१७ ऑक्टोबर
त्याला न सांगता लिहिणं जमलं नसतं. फोन केला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, ते तेव्हाचं होतं. राहू दे, मी दुसऱ्या कुणाचं तरी नाव देतो." देऊ शकेल. नावं अर्जदारानेच निवडायची. एवढ्या कडक कायद्यात ही केवढी मोठी फट! मी म्हटलं, नाव बदल हवं तर, पण मला आलेल्या ईमेलला मी उत्तर देणार, आणि या आठवड्यात तुला डॉक्टरकडे घेऊन जाणार. चिडून त्याने फोन ठेवला.

साडेअकराला उत्तर पाठवलं. जानेवारीतल्या त्या रात्रीचं त्याचं वाक्य लिहिलं, जसंच्या तसं.