आंधळगावचा कोसा आणि पहाटेचा पेहराव

भंडाऱ्याहून उत्तरेकडे तुमसरच्या वाटेने निघाले की मोहाडी तालुका लागतो. धानाची बांधी, मधूनमधून तलाव आणि वैनगंगेचे रुंद पात्र असा हा मुलूख. भंडारा शहराचे नाव पितळी भांड्यांमुळे झाले. आंधळगावचे नाव मात्र हातमागावर आहे. येथील कोष्टी विणकर टसर रेशीम विणतात. वैदर्भीय माणूस त्याला टसर न म्हणता कोसा म्हणतो. ऐन आणि अर्जुन या रानवृक्षांच्या पाल्यावर वाढणाऱ्या किड्याचा हा धागा. तुतीच्या रेशमाची झगमग त्याला नाही. त्याचा रंग मधाचा, फार तर वाळलेल्या धानाच्या पेंढीचा.

येथली करवतकाठी साडी पाहण्याइतकीच चाचपण्याची वस्तू आहे. अंग कोशाचे, काठ रंगीत सुताचा, आणि दोहोंच्या सांध्यावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. ती छापलेली नसते, भरतकामाचीही नसते. अंगाचा एक आणि दोन काठांचे दोन अशा तीन धोट्यांनी विणताना धागे एकमेकांत अडकवून हे दाते उठवले जातात. म्हणूनच बोट फिरवले की कोशाचा खरखरीत गारवा संपून सुताचा मऊपणा कोठे सुरू होतो, ते कळते.

पूजेच्या दिवशी दिवा न लावता नेसणाऱ्या गृहिणीला याचा केवढा उपयोग! मुले झोपलेली असतात, कपाट अर्धवट उघडलेले असते. घडीतून हात आत जातो आणि सिंथेटिकचा गुळगुळीत निसरडेपणा ओलांडून कोशापाशी थांबतो. काठ बोटांना सापडला की साडीची वरची बाजू ठरली. निऱ्या डोळ्यांनी मोजत नाहीत, अंगठा आणि तर्जनी यांमधल्या जाडीवरून त्या पुरेशा झाल्याचे समजते. कंबरेशी खोचण पक्की बसली की नाही, हे एक दीर्घ श्वास घेतला की उमगते. चालताना कोसा हलकेच सळसळतो. पदर खाली लोळत असेल तर तो आवाज बदलतो. घडीत ठेवलेल्या कडुलिंबाच्या वाळल्या पानांचा वास तेवढा काही काळ अंगाभोवती राहतो. आरशाची गरज लागते ती कुंकवापुरती. नेसणे ही पाहण्याची क्रिया आहे, असे फक्त पाहणाऱ्यालाच वाटते.

हीच बोटे दुकानाच्या गादीवर बसली की धंदा करतात. कापडाच्या पेढीवर वाढलेला मुलगा चुटकीत कापड धरून त्याचा पोत सांगतो. शंका आली तर कडेचा एक धागा जाळून पाहतो: रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि उरलेली राख चिमटीत चुरते, कृत्रिम धागा मात्र वितळून त्याची टणक गुठळी होते. बस्त्याच्या दिवसांत ही परीक्षा फसवणूक टाळते.

परंतु ज्या घरात पाणीही गाळून प्यायले जाते, तेथे खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. सलग, लांब धागा मिळावा म्हणून कोश सामान्यतः आतल्या जिवासह उकळले जातात. पतंग कोश भेदून बाहेर पडला तर धागा तुटतो. मग तो तुकड्यातुकड्यांनी कातावा लागतो. असे सूत जाडेभरडे, गाठाळ असते आणि त्याचे कापड हाताला खडबडीत लागते. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग उडून गेल्यानंतरच्या कोशांपासून रेशीम काढून त्याला ‘अहिंसा सिल्क’ हे नाव दिले, ते याच विचारातून.

मग खडबडीत तेवढे निर्दोष म्हणावे काय? तसेही नाही. उकळलेल्या कोशांच्या टाकाऊ भागापासूनही जाडे सूत निघतेच. जळलेला धागा रेशीम ओळखून देईल, परंतु आतला जीव सुटला की मेला हे तो सांगत नाही. येथे बोटे, नाक, कान आणि डोळे सारेच थकतात. त्यासाठी विणकराच्या दारात जाऊन, धागा कोठून आणला, कोश कसे होते, असे विचारावे लागते. व्यापाऱ्याला ते अवघड नाही, कारण माल घेताना तो भावही विचारतोच. काही घरांनी पूजेसाठी धुवट सुती वस्त्रच पुरेसे मानले आहे. काहींच्या कपाटात आजीची करवतकाठी अजून आहे, आणि ती नेसायची की नुसती जपायची, यावर सासू-सुनेचे एकमत व्हायचे आहे.