मंच्युरियनची कुळकथा

जत,
नागपंचमीचा दुसरा दिवस

चि. मुक्ता हिस,


तुझा फोटो मिळाला. हाँगकाँगच्या त्या चहाघरातला कागद, त्यावर पदार्थांच्या रांगा, शेजारी दर आणि पेन्सिलीनं खूण करायला चौकोन. आणि खाली तुझा प्रश्न: इथं मंच्युरियन मागितलं तर वाढणाऱ्या बाईंना तो पदार्थच ठाऊक नव्हता, मग काका, जतला स्टँडसमोरच्या गाडीवर आपण खायचो ते काय होतं? तुझ्या बाबाला विचारलं असतंस तर तो म्हणाला असता, "सगळं खोटं चायनीज." मला ते पटत नाही. त्या गाडीचा आणि तुझ्या समोरच्या कागदाचा संबंध आहे, फक्त लांबून आलेला आहे.

आधी कागदाकडे बघू. पदार्थापुढे छोटा, मध्यम, मोठा, खास असे वर्ग आहेत आणि दर वर्गाला आहे. म्हणजे शेवटी काय खाल्लं यापेक्षा कुठल्या वर्गाच्या किती करंड्या खाल्ल्या ते मोजायचं. शिवाय माणशी चहाचे पैसे वेगळे, चहा प्या की नका पिऊ. तू त्या ओळीवर तीन उद्गारचिन्हं काढली आहेस. अगं, त्या प्रकाराला ते लोक 'याम चा' म्हणतात, म्हणजे चहा पिणं. चहा हे मूळ काम, खाणं त्याच्या जोडीला. दुपारी उशिरा गेलीस तर पुष्कळ ठिकाणी तोच कागद कमी दरात मिळतो, हे तुझ्यासारख्या विद्यार्थिनीनं ध्यानात ठेवावं.

तू खूण केलेले पदार्थ मी वाचून काढले. हार गाऊ, म्हणजे कोळंबीचं पुरचुंडीसारखं. सिऊ माय. डुकराच्या मांसाचा पांढरा बाओ. तांदळाच्या पातळ घावनात गुंडाळलेलं चंग फन. कोंबडीचे पाय बघून तू घाबरलीस ते समजलं. चार हार गाऊंना बेचाळीस डॉलर, म्हणजे आपले साडेचारशेच्या वर रुपये. जतच्या गाडीवर एवढ्यात चौघांचं पोट भरून वर पानपट्टी होते. पण हा हिशेब इतक्यात करू नकोस, त्याच्याकडे मी येणार आहे.

तू खूण केलेले हे पदार्थ म्हणजे डिमसम, आणि डिमसम हे कँटनचं, म्हणजे ग्वांगडाँग प्रांताचं. आणि आपल्याकडे चिनी माणूस म्हणून जो आला तो बहुतांशी त्याच प्रांतातून आला. पहिला नाव माहीत असलेला आला १८व्या शतकाच्या अखेरीस. तोंग आच्यू त्याचं नाव. वॉरन हेस्टिंग्जनं त्याला कोलकात्याच्या खाली हुगळीकाठी जमीन दिली आणि तिथं त्यानं काढला काय, तर साखरेचा कारखाना! सांगली जिल्ह्यातल्या माणसाला हे वाचून आपला कोणी भेटल्यासारखं वाटतं. त्या जागेला आजही अछिपूर म्हणतात. त्याच्या मागून आलेल्यांत कँटनचे लोक गोदीतले सुतार झाले, आणि हाक्का लोक चामड्यात शिरले. हे हाक्काही मूळ ग्वांगडाँगचेच, डोंगराळ भागातले. कोलकात्याच्या टांगरा भागात त्यांच्या टॅनऱ्या होत्या. आपल्या गाडीवर "हक्का नूडल्स" लिहिलेलं असतं ना, ते हे. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं प्रदूषणापायी टॅनऱ्या शहराबाहेर हलवायला लावल्या, आणि टांगरा उरला तो हॉटेलांसाठी.

हे सगळं मी पुस्तकातून नंतर वाचलं. पहिल्यांदा ऐकलं ते आक्कांच्या सासरच्या लोकांकडून. ती मंडळी विट्याकडची, गलाईवाली. दुष्काळानं खानापूर-आटपाडीची पोरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली, हे तुला माहीतच आहे. त्यातली काही कोलकात्याला. दिवाळीला गावी आली की तिथल्या चाऊमीनच्या गप्पा मारायची आणि आई पदर तोंडाला लावायची. म्हणजे जतमध्ये चायनीजची गाडी लागण्याच्या कितीतरी आधी या माळावर त्याची चव तोंडी येऊन पोचली होती.

मुंबईची गोष्ट मला जास्त जवळची, कारण मी तिथं गोदीत नोकरीला होतो. डॉकयार्ड रोड स्टेशनापासून चालत गेलं की माझगावात नवाब टँक रोडवर एक दुमजली चिनी देऊळ आहे, सी यप कून. १९१९ साली बांधलेलं. सी यप हे कँटनजवळच्या चार तालुक्यांचं नाव. बोटींवरचे खलाशी आणि गोदीतले कारागीर तिथले. म्हणजे तू ज्या लोकांच्या टेबलावर बसून खातेस, त्यांचेच भाऊबंद आपल्या माझगावात नांदत होते. वस्ती पुढे ओसरली. १९६२च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यांतले कितीतरी जन्मानं इथलेच होते, इथली भाषा बोलणारे. मुंबई-कोलकात्यातून पुष्कळ कुटुंबं परदेशी निघून गेली. आपण या प्रकरणावर फारसं बोलत नाही, आणि चायनीज मात्र मिटक्या मारत खातो.

उलट दिशेनंही माणूस गेला. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली मुंबईहून बोटीनं निघाले ते याच तुझ्या हाँगकाँग-कँटनच्या वाटेनं चीनमध्ये शिरले. आपल्या पलीकडच्या जिल्ह्यातला माणूस तिकडे जखमींवर उपचार करत १९४२ साली गेला. तिकडच्यांना ते नाव अजून ठाऊक आहे. कोणाशी ओळख वाढवायची असेल तर मंच्युरियनऐवजी या नावानं सुरुवात कर.

आता मंच्युरियन. नेल्सन वाँग हा कोलकात्यात जन्मलेला चिनी वंशाचा माणूस, मुंबईला नशीब काढायला आला आणि क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाकाचं काम करू लागला. १९७५ साली कोणी गिऱ्हाइकानं यादीबाहेरचं काही मागितलं. त्यानं आलं, लसूण, हिरवी मिरची फोडणीला टाकली, म्हणजे आपलं रोजचंच वाटण. पुढं आपण गरम मसाला घातला असता, त्यानं सोया सॉस घातला, कॉर्नफ्लावरनं रस दाट केला आणि त्यात कोंबडीचे तळलेले तुकडे सोडले. ही हकीकत वाँगनं स्वतः सांगितलेली. पुढे केम्प्स कॉर्नरला त्याचं 'चायना गार्डन' निघालं आणि गाजलं. मांचुरिया चीनच्या ईशान्य टोकाला, कँटनपासून हजारो किलोमीटर. तिथल्या कोणी हा पदार्थ पाहिलेला नाही. तेव्हा तुझ्या वाढणाऱ्या बाईंचा काही दोष नाही.

क्लबातून हे हॉटेलांत आलं, हॉटेलांतून फुटपाथवर, फुटपाथवरून आपल्यासारख्या तालुक्याच्या गावी. आणि इथं मला जतची खरी गंमत वाटते. महाराष्ट्रातल्या गाडीवर व्हेज मंच्युरियन म्हणजे कोबी-गाजर किसून केलेले गोळे. कर्नाटकात कोबीचे गोळे मागे, तिथं गोबी, म्हणजे फ्लॉवरचे तुरे पिठात घोळून तळलेले. जतला सांगलीपेक्षा विजापूर जवळ, निम्मा तालुका कानडी बोलतो. त्यामुळे मुंबईहून सांगली-मिरजमार्गे आलेले गोळे आणि विजापूरच्या रस्त्यानं आलेली गोबी एकाच तव्याशेजारी येऊन बसली. संध्याकाळी उभं राहून बघितलं तर उमदी-संखकडचं पोरगं "वंदू गोबी, हाफ" म्हणतं आणि कवठेमहांकाळकडचं "एक मंच्युरियन, सुकं". गाडीवाला दोघांना दोन भाषांत उत्तर देतो. दोन राज्यांत पाण्यावरून आणि गावांवरून एवढी भांडणं झाली, पण गाडीच्या फलकावर हे दोन पदार्थ खाली-वर गुण्यानं आहेत.

शिवाय आपल्याकडे लिंगायत घरं बरीच, माळकरीही आहेत. मूळ चिनी स्वयंपाकात डुक्कर आणि कोळंबी जिथं बसतात, तिथं इथं कोबी बसला. म्हातारी माणसंही "त्यात काय, कोबीच की" म्हणून खाऊ लागली. धर्म राखून परदेशी खाता येतं ही सोय लहान नाही.

त्याला गालबोट लागलं ते रंगाचं. २०२४च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ मध्ये नको ते रंग सापडले होते. गोव्यात म्हापसा पालिकेनं तर त्याच वर्षाच्या सुरुवातीला जत्रेत गोबी विकायलाच मनाई केली. आपल्या यल्लमाच्या जत्रेत मार्गशीर्षात ताटल्या लालभडक दिसतात तेव्हा मी ते आठवून पुढे जातो. तुझ्या काकूची मात्र कधी ना नसते.

आता तुझा हिशेब. आपल्या गाडीवर दोनच वर्ग, हाफ आणि फुल. हाफ साठाच्या घरात, फुल शंभरच्या आसपास. तेल महागलं की आकड्यावर कागदाची पट्टी चिकटते आणि नवा आकडा पडतो. गाडीवाल्याला मी विचारलं, तुझा खर्च कशात जातो? तो म्हणाला, "सर, तेल आणि गॅस." कोबी स्वस्त, पीठ स्वस्त. गोळे दुपारीच तळून ठेवलेले. संध्याकाळी मोठ्या बर्नरचा भडका लावायचा, कढई हलवायची, तीन मिनिटांत प्लेट पुढं. तिथं आपण पैसे देतो ते जाळाला, तेलाला आणि पोटभर होण्याला.

तुझ्या हार गाऊचं गणित उलटं. गव्हाचं निव्वळ सत्त्व काढून त्याची उकड काढायची, सुरीच्या आडव्या पात्यानं एकेक पारी दाबून इतकी पातळ करायची की आतली कोळंबी गुलाबी दिसावी, आणि मग बोटांनी निऱ्या घालायच्या, निदान सात. पारी फाटता कामा नये आणि ताटलीला चिकटताही. हे काम शिकायला वर्षं जातात. एका मोठ्या हॉटेलातल्या आचाऱ्यानं जोडीदारासह २००९ साली मोंगकोकला छोटंसं डिमसमचं दुकान काढलं, टिम हो वान नावाचं, आणि वर्षभरात त्याला मिशलिनचा तारा मिळाला. लोक स्वस्त म्हणून रांगा लावायचे. म्हणजे तिथल्या माणसाला बोटांच्या कामाची किंमत ठाऊक आहे, आणि त्या किमतीला ते स्वस्त वाटतं. तुझे बेचाळीस डॉलर त्या निऱ्यांचे आहेत. कोळंबी त्यात थोडी.

काल घरात दिंडं केली. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून पुरण कणकेच्या चौकोनी घडीत बंद करून चाळणीवर वाफवायचं. तुझी काकू सकाळपासून बसली होती. मी तुझ्या फोटोतली करंडी तिला दाखवली. ती म्हणाली, "हे दिंडच की, फक्त आत भलतंच." मग मला उगाच आठवत बसलं की जतच्या एकाही खानावळीच्या फलकावर मी दिंड पाहिलेलं नाही. झुणका-भाकरी आहे, शेंगाचटणी आहे, मटणाचं ताट आहे, बाजारादिवशी हुग्गी मिळते. दिंडाचा दर कोणी कधी लावला नाही. काकूला विचारलं, एक दिंड कितीला विकशील? तिनं हातातलं उलथनं दाखवलं. पण रात्री झोपताना आपण होऊन म्हणाली, "चाळीस रुपये. तुपासकट." म्हणजे दिवसभर मनात चाललं होतं.

तू लिहिलंस की मैत्रिणींना आपलं मंच्युरियन खाऊ घालायचं आहे आणि इकडून सॉस पाठवता का. काही पाठवायला नको, सोया सॉस तिथं गल्लोगल्ली आहे आणि आपल्यापेक्षा चांगला आहे. गाडीवाल्याकडून कृती लिहून घेतली ती अशी. कोबी बारीक किसून मीठ लावून ठेव आणि घट्ट पिळ, नाहीतर गोळे तेलात उमलतात. त्यात किसलेलं गाजर, लसूण, मिरी, मैदा आणि कॉर्नफ्लावर. पाणी अजिबात नाही, कोबीचं अंगचं पुरतं. गोळे मध्यम आचेवर तळ, मग एकदा मोठ्या आचेवर. रसाला आलं, लसूण, हिरवी मिरची भरपूर, कांद्याची पात, सोया सॉस बेतानं, व्हिनेगर अर्धा चमचा, कॉर्नफ्लावर पाण्यात कालवून शेवटी. गोळे पानं मांडल्यावरच टाकायचे. रंग घालू नकोस. काळपट दिसेल, दिसू दे.

तुझ्या मैत्रिणी काय म्हणाल्या ते कळव. आणि त्या चहाघरात लो बाक गो नावाची मुळ्याची परतलेली वडी मिळते का बघ, कुठल्या वर्गात आहे आणि काय दर, तेही लिही. काकूला हवा आहे.

तुझा,
काका