नाही न म्हणणाऱ्या देवी

डब्लिनला नोकरी करणारी माझी भाची दिवाळीच्या तोंडावर गावी आली. आमचं तेरखेडा फटाक्यांचं गाव. या दिवसांत सोलापूर-धुळे रस्त्यावरून जाणारा माणूस इथं गाडी थांबवतोच. त्या गडबडीत तिनं ओसरीवर रेशमी फडकं अंथरलं आणि डब्यातून पत्ते काढले. प्रत्येकावर एक केल्टिक देवी.

टॅरोचे पत्ते ठरलेले, 78. या ओरॅकल पत्त्यांना तसा हिशेब नाही, काढणारा ठरवेल तितके. मनात प्रश्न धरायचा, एक पत्ता ओढायचा, सोबतच्या पुस्तिकेत अर्थ वाचायचा.

"पोपट कुठाय गं?" आईनं विचारलं.

आई येडेश्वरीची आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ, मंगळवार-शुक्रवारी हातात परडी. तिनं पहिला पत्ता ओढला तो ब्रिजिडचा. आयर्लंडची ही देवी कवींची, वैद्यांची आणि लोहारांची. त्याच नावाच्या संत बाईच्या मठात, किल्डेअरला, 19 जोगिणी आळीपाळीनं आग राखत आणि विसाव्या रात्री ती स्वतः येऊन राखी, असं बाराव्या शतकातल्या एका लेखकानं नोंदवलंय. तिचा दिवस 1 फेब्रुवारी. 2023 पासून तिकडं तिच्या नावानं सरकारी सुट्टीही असते. भाचीनं पुस्तिका वाचली: आतला विस्तव फुलवा, नवं काही सुरू करा.

"तेरखेड्यात येऊन पेटवा म्हणती व्हय? हितं कारखान्यात जाताना काडीपेटी बाहीर ठिवत्यात," आई म्हणाली.

दुसऱ्या पत्त्यावर कावळा होता. मॉरिगन, रणांगणावर कावळ्याच्या रूपात उतरणारी. कू हुलिन नावाच्या वीरानं मरताना स्वतःला दगडी खांबाला बांधून घेतलं होतं. तो उभाच, म्हणून जवळ जायची शत्रूची छाती होईना. कावळा खांद्यावर बसला, तेव्हा कुठं कळलं की हा गेला.

"शिवला म्हण की," आई म्हणाली आणि गप्प झाली.

आम्हाला दोघांनाही वडिलांचा दहावा आठवला. पिंड मांडून तास होऊन गेला, कावळे झाडावर, खाली एकही येईना. एकेकानं पुढं होऊन हात जोडले. धाकटीचं लग्न करतो म्हणून झालं, देणं फेडतो म्हणून झालं. शेवटी मी म्हणालो, विहिरीकडचं रान विकणार नाही. कावळा उतरला. ते रान अजून आमच्याकडं आहे, पीक बेताचंच येतं.

"तुझ्या बुकात काय लिवलंय?" आईनं विचारलं. पुस्तिकेत होतं: बदल येतो आहे, न घाबरता सामोरे जा. मरण सांगणाऱ्या बाईच्या तोंडी हे! मग मी उरलेले अर्थ चाळले. घोड्यावरची रिआनन धीर धरायला सांगते, कढईवाली केरिद्वेन स्वतःला घडवायला. एकही देवी नको म्हणत नाही. पैसे मोजून डबा घेणाऱ्याला कोण कशाला नको म्हणेल?

"नाही म्हणत न्हाई ती कसली देवी?" आईनं पत्ते परत दिले.

दोन दिवसांनी आम्ही तुळजापूरला गेलो. दर्शन झाल्यावर भाची चिंतामणीच्या दगडापाशी थांबली. हा गोल दगड. त्यावर दोन्ही हात ठेवून प्रश्न मनात आणायचा. उजवीकडे फिरला तर होय, डावीकडे फिरला तर नाही. शिवाजी महाराज मोहिमेआधी इथं कौल घेत, असं लोक सांगतात. हात आपलेच असतात, त्यामुळं दगड कोण फिरवतं हा वाद मी घालत नाही.

भाचीनं डोळे मिटले. दगड डावीकडे फिरला.

तिनं काय विचारलं होतं ते सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. येताना गाडीत पत्त्यांचा डबा तिच्या मांडीवर होता. तेरखेडा येईपर्यंत तिनं तो उघडला नाही.