लाफ्लर ऊर्फ कोण?

कॅनडातील फ्रेंच घराण्यांच्या वंशावळी लावून देण्याच्या माझ्या व्यवसायात पलटणी टोपणनावाने जितका छळ मांडला, तितका दुसऱ्या कशानेही मांडलेला नाही. युदों ऊर्फ बोल्यो यांसारखी घराणी त्यामानाने सभ्य. एका शाखेने युदों धरले, दुसरीने बोल्यो, परंतु दोन्ही नावे केव्हा ना केव्हा एका ओळीत आलेली असतात, आणि एकाच वाड्यातील एक भाऊ देशपांडे लावतो व दुसरा गावाचे नाव, हे लहानपणी पाहिलेल्या मला त्यात नवल वाटले नाही. पण १६६५ साली कारिन्यां-सालिएर पलटण उतरली तेव्हापासून जे लाफ्लर आणि सांसूसी या देशात आले, त्यांच्यापैकी ज्याने मूळ आडनाव वाटेतच टाकले, त्याच्यापुढे भलेभले हात टेकतात.

सध्या माझ्या मेजावर असलेला लाफ्लर रिशल्यू नदीकाठच्या एका गावी, अठराव्या शतकाच्या मध्यास, दुसरेपणाच्या लग्नाला उभा आहे. पुनर्विवाहाच्या दाखल्यात आईबापांऐवजी मृत जोडीदाराचे नाव घालण्याचा पाद्र्यांचा शिरस्ता. त्यामुळे जेथे वंशाचा धागा सापडावा नेमक्या त्याच ओळीत ‘मारी-जान हिचा विधुर’ एवढेच लागते आणि तिच्या आडनावावर शाई फुटलेली आहे. नोंदवहीची दुबार प्रत गहाळ, नोटरीच्या दप्तरात करारनामा नाही, पहिल्या बायकोच्या मागे झालेली चीजवस्तूंची यादी नाही. सहीच्या वळणावरून माणूस ओळखण्याचा मला गर्व, तर तळाशी वराने ‘सही करता येत नाही असे सांगितले’!

डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून दाखले मला माझी शिष्या वाचून दाखविते. येथील स्त्रिया दफनाच्या नोंदीपर्यंत माहेरचेच आडनाव बाळगीत, म्हणून पुरुष हरवला की बायकोला धरावे, ही युक्ती तिला मीच दिली. आता माँट्रियल विद्यापीठाने १९६६ पासून उभारलेल्या सूचीत ती साऱ्या मारी-जान इतक्या झपाट्याने चाळते की, ज्या शोधात माझे हिवाळे गेले तो तिला कारकुनी वाटत असावा. सूचीचा उपयोग मी नाकारीत नाही. माझे वैर आहे ते एकमेकांची झाडे उतरवून, चौकटीत बसवून विकणाऱ्यांशी, आणि आब्बे तांगे यांच्या चुका दाखविण्यातच विद्वत्ता मानणाऱ्यांशी. १८७१ ते १८९० या काळात त्या गृहस्थाने वंशावळींचे सात खंड छापून काढले, तेव्हा त्याच्यापुढे कोणाची सूची होती?

डागाखालून निसटलेले शेवटचे अक्षर तिच्या मते ‘टी’ आहे. डोळे धड होते तेव्हा मी ते ‘आर’ वाचले होते. ‘टी’ मानले तर माझ्या यादीतील तीन लाफ्लरांपैकी एकही जुळत नाही आणि रकाना कोरा ठेवावा लागतो. ‘आर’ मानले तर दुसरा लाफ्लर उत्तम बसतो, आणि ज्या कुटुंबासाठी हा खटाटोप चालला आहे, ज्याची एक पाती न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत जाऊन ‘फ्लॉवर’ झाली, त्याला फ्रान्समधल्या एका खेड्यापर्यंत पोहोचविता येते.

खरे सांगावयाचे तर मला त्या कुटुंबाच्या पूर्वजापेक्षा माझ्या वाचनाचा मान अधिक प्रिय आहे. कोकणातल्या माणसाने यांच्या आजापणजांची नावे घडाघडा म्हणावीत आणि यांनी तोंडाकडे पाहत राहावे, या सुखाची मला चटक लागलेली आहे, आणि कोऱ्या रकान्यापाशी ते सुख संपते. शस्त्रक्रियेची तारीख ठरली आहे. तोवर ती पाने मागवू नकोस, असे मी शिष्येला बजावले; कारण विचारले तेव्हा कागद फार जीर्ण झाले आहेत असे सांगितले, वास्तविक आम्ही पाहतो ती सूक्ष्मपटावरची छायाचित्रे आहेत हे तिलाही ठाऊक आहे.